डाव्या बाजूची काच

भाऊजी,

पिकअपची डावी काच परवा खाली आली. पूर्ण खाली, एक ते चार मोजेपर्यंत. कर्रर्र नाही, मध्येच थांबणं नाही, तळहातानं दाबून मदत करणं नाही. वर पण तशीच गेली.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर एक पान लिहून द्या असा निरोप आला होता. फोटो तुमच्या लेकीनं, जाईनं दिला आहे, तो टाय घातलेला. वीज मंडळातली तुमची नोकरी, गणपतीतली लाइटिंग, लोकांच्या अडीनडीला धावून जाणं, हे सगळं दुसरं कोणी लिहील आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहील. मी काचेबद्दल लिहिणार आहे. तिच्याबद्दल मंडळातल्या निम्म्या घरांना चुकीची माहिती आहे. ती तुम्ही दिलीत, पण तुम्हाला ती माझ्यामुळे मिळाली होती.

माझी शाळा बंद पडली त्या वर्षी तुम्ही नुकतीच रिटायरमेंट घेऊन ही चार दारांची पिकअप घेतली होती. माधव नगरातल्या त्या खोलीत मी महिनाभर नुसता बसून होतो. ताई डबा पाठवायची आणि काही बोलायची नाही. एक दिवस तुम्ही डबा घेऊन स्वतः आलात. खुर्चीवर न बसता दारातूनच म्हणालात, "मास्तर, उद्यापासून डावीकडे बसायचं. एकट्याला भैरवगढपर्यंत कंटाळा येतो." मला कामाला ठेवताय असं तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत. मीही आभार मानले नाहीत. मी असल्या गोष्टी बोलत नाही हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही पायरी उतरून निघून पण गेलात.

मग आपलं सुरू झालं. सकाळी कोरे तागे घेऊन भैरवगढच्या छपाईवाल्यांकडे जायचं, छापलेल्या चादरी भरून परत यायचं. बाटिकवाल्यांसाठी मेणाच्या लाद्या न्यायच्या. चालवायचे तुम्ही. मी डावीकडे बसून गठ्ठे मोजायचो आणि तुमचं ऐकायचो.

तुमच्याकडे दोष शोधायची एक पद्धत होती. मिक्सर असो, मोटर असो, नाहीतर अख्ख्या कॉलनीची गेलेली लाइट, तुमचा पहिला प्रश्न ठरलेला. कोणी हात लावला होता का? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तुम्ही पाना उचलायचा नाहीत. "मास्तर, निम्मे फॉल्ट माणसांचे असतात," असं तुम्ही म्हणायचात. "तार खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. म्हणून आधी माणसाला विचारायचं."

तीन वर्षांपूर्वी पौषात माझ्या बाजूची काच वाजायला लागली. थंडीनं रबर कडक झालं होतं, एवढंच. काच वर जाताना पाटीवर खडू ओढल्यासारखा आवाज यायचा. तुम्ही दोनदा म्हणालात, "बघतो रविवारी." तो आवाज माझ्या कानाशी होता. आणि खरं सांगायचं तर तुमचं एक वाक्यही होतं. आदल्याच दिवशी तुम्ही तुमच्या दोस्ताला, गेंदालालजींना हसत सांगितलं होतंत, "हमारे साले साहब ने जिंदगी में बल्ब नहीं बदला." तिघंही हसलो होतो. मी जरा कमी हसलो होतो.

भैरवगढला तुम्ही आत गठ्ठे बघत होतात. बाहेर बाटिकवाल्याची कढई थंड करायला ठेवली होती, कडेला मेण गोठलेलं. घरात अडकणाऱ्या ड्रॉवरला, पिशवीच्या चेनला आपण मेणबत्ती घासतो, ते मला आठवलं. मी चाकूनं एक तुकडा काढला, काच खाली केली, आणि ज्या रबराच्या खाचेतून ती सरकते त्यात तो घासला. वरून, दोन्ही बाजूंनी, बोट जाईल तितकं खोल. उरलेलं चाकूच्या टोकानं आत ढकललं. दहा मिनिटं लागली. हात पँटला पुसले.

येताना काच वाजली नाही. तुम्ही म्हणालात, "बघा, ऊन लागल्यावर आपोआप सुधारली."

मी काही बोललो नाही. तेव्हा त्यात खोटेपणा नव्हता, भाऊजी. मला मजा वाटत होती. तुम्हाला न कळता मी एक गोष्ट दुरुस्त केली होती, आणि ती थोडे दिवस माझ्याजवळच ठेवायची होती. योग्य वेळी, गेंदालालजींच्या समोर, मी ती काढणार होतो.

बाटिकच्या मेणात राळ असते. ते कापडाला घट्ट धरून राहावं म्हणून घालतात. मी चार वर्षं त्या लाद्या वाहत होतो आणि मला हे माहीत नव्हतं.

फाल्गुनात ऊन चढलं आणि काच जड झाली. राळ मऊ झाली, तिनं भैरवगढच्या रस्त्याची धूळ धरली, धुळीनं काच धरली. आधी चार आकड्यांत वर जायची ती सात लावायला लागली, मग अकरा. तुम्ही मोठ्यानं मोजायचात. एक, दोन, तीन, चार, असं मास्तरापेक्षा खणखणीत. इंजिन बंद ठेवून मोजलंत, चालू ठेवून मोजलंत. फरक नाही, म्हणजे बॅटरी नाही. तुमच्या बाजूच्या बटनानं चालवलीत, माझ्या बाजूच्या बटनानं चालवलीत. सारखीच, म्हणजे बटन नाही. मग गाडी सावलीत लावलीत, माझ्याकडे वळलात, आणि विचारलंत.

"मास्तर, कोणी हात लावला होता का हिला?"

"नाही."

एवढंच. तुम्ही मान हलवलीत आणि पुढच्या पायरीवर गेलात. माझं उत्तर तपासायचं तुमच्या डोक्यातही आलं नाही. ज्याने बल्ब बदलला नाही तो काचेला कशाला हात लावेल?

आपण देवास गेटला गेंदालालजींच्या शेडवर गेलो. हे मंडळातल्या ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेंदालालजी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात, पत्र्याच्या शेडमध्ये, आणि भाऊजींची त्यांची वीस-बावीस वर्षांची दोस्ती. होळीला ताईच्या हातची पुरणपोळी त्यांच्यासाठी बाजूला निघायची. दुपारी पिकअप तिथे थांबायची म्हणजे थांबायचीच. दोघं उलट्या क्रेटवर बसायचे आणि मालवी-मराठी-हिंदी मिसळून असं काही बोलायचे की येणारा-जाणारा हसायचा. मी चहाचे ग्लास धरून उभा असायचो.

त्यांनी दाराचं आतलं पॅड उघडलं. काच ओढणारी मशीन काचेपासून सोडवली आणि नुसती मशीन चालवून दाखवली. ती लोण्यासारखी फिरली. मग बोट रबराच्या खाचेत घातलं, बाहेर काढून अंगठ्याला घासलं.

"भाऊसाब, मशीन ठीक है, मोटर ठीक है. रबर में कुछ है. किसी ने कुछ लगाया है."

"कोणी काही लावलं नाही. मी विचारलंय."

"तो फिर से पूछो."

तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. "घर का आदमी है, गेंदा. झूठ क्यों बोलेगा?"

मी ग्लास घेऊन चहावाल्याकडे गेलो. त्या दिवशी ते ग्लास मी विसळून दिले, ते काम माझं नसताना.

त्यांचं म्हणणं होतं, अख्खं रबर ओढून काढू. तुमचं म्हणणं, मूळचं रबर एकदा उपटलं की परत तसं बसत नाही, पावसाचं पाणी दारात उतरतं. मोटर थकली आहे, मोटर बदल. त्यांनी तीनदा सांगितलं, मोटर मत बदलो. तुम्ही वीज मंडळातला आवाज काढलात, "उस्ताद तू है कि मैं?" त्यांनी हात वर केले आणि चैत्रात नवी मोटर बसवली.

नव्या मोटरनं जोर लावला, महिनाभर काच ओढली. वैशाखातल्या दुपारी, भर उन्हात, ती अर्ध्यावर थांबली. थोड्या वेळानं पुन्हा चालली, पुन्हा थांबली. आता मला कळतं की ती गरम होऊन स्वतःला वाचवायला बंद पडत होती. तेव्हा तुम्हाला एवढंच दिसत होतं की नवी मोटर महिन्यात गेली, आणि ती बदलायचा हट्ट तुमचा होता.

त्या दुपारी देवास गेटला तुम्ही जे बोललात ते बस स्टँडपर्यंत ऐकू गेलं. "जुनी मोटर धुवून बसवलीस मला? मला, गेंदा?" मराठीत बोललात. ते रागावलेही नाहीत. पेचकस पुसत म्हणाले, "भाऊसाब, सोच के बोलो. सब सुन रहे हैं." तुम्ही म्हणालात, "ऐकू देत." आपल्या मराठी मंडळाचे दोघं तिथेच बसची वाट बघत उभे होते. आठवड्यात आपल्या लोकांच्या गाड्या तिथे जायच्या बंद झाल्या. त्या घरांनी तुमच्यावर विश्वास ठेवला. तुम्ही माझ्यावर ठेवला होता.

मी गाडीत बसलो होतो. काच अर्धी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं. दार उघडून खाली उतरायला चार आकडेसुद्धा लागले नसते.

आता जे लिहितोय ते मी ताईलाही सांगितलेलं नाही.

मी गप्प राहिलो याला भीती हे एक कारण होतं. तुम्ही मला गाडीतून उतरवाल, मग मी पुन्हा त्या खोलीत बसेन, ही भीती. ती खरी होती. पण ती पहिल्या महिन्यातच विरली, कारण तुम्ही तसं केलं नसतंत. माझी टर उडवली असतीत, गेंदालालजींसमोर मला उभं करून "हे बघ, बल्ब नहीं बदला पर मोम लगाया" म्हणून पोट धरून हसला असतात, आणि प्रकरण संपलं असतं. दुसरं कारण असं की त्या वैशाखानंतर दुपारी पिकअप देवास गेटला थांबायची बंद झाली. ती घड्याळाच्या टॉवरजवळ झाडाखाली थांबायला लागली. आणि तुमच्या शेजारी चहा प्यायला मी बसायला लागलो. तुम्ही माझ्याशी बोलायला लागलात. नोकरीतल्या गोष्टी, जाईच्या लग्नाची काळजी, तुमच्या आईबद्दल, जे मी आधी फक्त पाठीमागून ऐकत होतो. ती जागा मला मिळाली. मला ती आवडली, भाऊजी. मी गप्प राहिलो ते त्या जागेसाठी.

काच मात्र तुम्ही वर करून ठेवलीत. "तिला हात लावायचा नाही." दोन उन्हाळे मी बंद काचेशी बसून काढले. तुमच्या बाजूनं वारा यायचा, माझ्यापर्यंत येईतो गरम व्हायचा. कोणी डावीकडून हाक मारली तर मला अख्खं दार उघडावं लागायचं, आणि तुम्ही म्हणायचात, "मास्तर, उतरताय कुठे? बोला नुसतं." देवास गेटवरून जाताना ते शेड डाव्या हाताला यायचं. तुम्ही समोर बघायचात. मी काचेतून बघायचो. गेंदालालजी कधीच वर बघायचे नाहीत. गाडीचा आवाज त्यांना ओळखू येत नसेल असं मला वाटत नाही.

एकदा, मंगलनाथाच्या वळणावर गुरं आडवी आली म्हणून आपण थांबलो होतो, तेव्हा तुम्ही एकदम म्हणालात, "गेंदा असं करणार नाही रे. कितीही विचार केला तरी बसत नाही. पण मग कोणी केलं?"

तुम्ही मला विचारत नव्हतात, स्वतःशी बोलत होतात. पण प्रश्न तोच होता, फिरून पुन्हा आलेला. मी म्हणालो, "गेली गुरं, चला." तुम्ही गिअर टाकलात.

नंतर तुम्ही गेलात. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुपारी जेवलात, हात धुवायला उठलात. चक्रतीर्थाच्या स्मशानात गेंदालालजी आले होते. नळापाशी उभे होते, लांब. अग्नी दिल्यावर मी त्या बाजूला बघितलं तर ते निघून गेले होते.

दहाव्याला सिद्धवटावर पिंड ठेवले. सगळं जाईनं केलं, तुम्हाला आवडलं असतं. कावळे वडावर भरपूर होते. एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, "कोणाच्या मनात काही असेल तर बोला, त्यांचं काही राहिलं असेल." ताई म्हणाली, मी तब्येत सांभाळीन. नाही आला. तुमच्या चुलतभावानं मंडळाच्या गणपतीची लाइटिंग सांभाळीन म्हटलं. एक कावळा फांदीवरून फांदीवर गेला, इतकंच. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मला शब्द माहीत होते. मी नदीकडे बघत राहिलो. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसणार, तेवढ्यात जाई रडता रडता चिडून म्हणाली, "बाबा, तुमची ती काच दुरुस्त करून घेऊ! आता तरी!"

आणि आला. सरळ खाली, पहिल्या पिंडाला शिवला, भात घेऊन उडाला.

सगळे हसले, भाऊजी. ताई पण हसली, पदर तोंडाला लावून. "मेलं, काचेत जीव अडकला होता," म्हणाली. तुमचा या गोष्टींवर विश्वास नव्हता, माझाही फारसा नाही. त्याला भूक लागली असेल. पण जाईनं डोळे पुसून माझ्याकडे बोट केलं. "मामा, तुम्ही गाडी घेऊन जा. तुमच्याच बाजूची आहे."

तेरावं झाल्यावर मी गेलो. दुसऱ्या कोणाकडेही नेता आली असती. मी गाडी देवास गेटला वळवली.

गेंदालालजी एका स्कूटरवर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "आओ मास्टरजी. काँई तकलीफ है?"

"शीशा. बाईं तरफ का."

ते उठले. दार उघडलं, बटन दाबलं. काच दोन बोटं कुरकुरली आणि थांबली. त्यांनी पेचकस घेतला, पहिला स्क्रू काढला, आणि अगदी तुमच्या सुरात विचारलं, "किसी ने हाथ लगाया था?"

ती पद्धत तुम्ही त्यांच्याकडून घेतलीत की त्यांनी तुमच्याकडून, हे मला कधी कळलं नाही.

"हाँ," मी म्हणालो. "मैंने. तीन साल पहले. मोम लगाया था."

"कौन-सा मोम?"

"भैरवगढ का. छपाई वाला."

"राल वाला." त्यांनी पेचकस सीटवर ठेवला. मागे कंडक्टर देवास, देवास ओरडत होता. मग विचारलं, "भाऊसाब को मालूम था?"

"नहीं."

"आखिर तक?"

"नहीं बताया."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात आडवा केला. "मेरे से मत माँगो. मेरे को तो मालूम था कि मोटर नई है. मैं तो चैन से सोया. जिनको मालूम नहीं था, वो गए. दोस्त को चोर समझ के गए." मग जरा थांबून म्हणाले, "उनको बताओ. और जिन-जिन ने उस दिन सुना था, उनको भी बताओ. अब गाड़ी छोड़ के जाओ, मास्टरजी. सामने खड़े मत रहो."

मी गेलो. स्टँडसमोरच्या बाकावर बसलो. तिथून दिसत होतं. त्यांनी अख्खं रबर ओढून काढलं, लांबच्या लांब, मेलेल्या सापासारखं, आणि काचेच्या कडा गरम साबणपाण्यानं घासल्या. खाचेतलं काळं खरवडून वर्तमानपत्रावर जमा केलं. नवं रबर बसवलं, त्यावर फवारा मारला. दोन तास लागले. शेवटी त्यांनी मला हातानं बोलावलं, आवाज दिला नाही.

ते माझ्या जागेवर, डावीकडे बसले होते. "मोटर वही है," म्हणाले. "देख लो. वही वाली." आणि बटन दाबलं.

काच उतरायला लागली आणि गेंदालालजी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. मराठीत. तुमच्यासारखं खणखणीत नाही. काच तळाला गेली, तरी ते बटनावरचं बोट उचलेनात. मग उतरले, दार लोटलं आणि त्या स्कूटरकडे गेले. मला निरोप दिला नाही. देतील असं मला वाटतही नव्हतं.

मी हे पान तसंच छापायला सांगणार आहे. ताई वाचेल, जाई वाचेल. ज्यांनी त्या दुपारी बस स्टँडवर ऐकलं आणि घरोघरी पोचवलं, तेही वाचतील, आणि त्यांच्या गाड्या कुठे न्यायच्या ते त्यांनी ठरवावं. मोटर नवी होती. अजून आहे. एक प्रत मी देवास गेटला नेऊन देईन. "मराठी पढ़ लूँगा, अक्षर तो वही हैं," असं ते पूर्वी तुम्हाला म्हणायचे.

तुम्ही सावलीत गाडी लावून, माझ्याकडे वळून, एक प्रश्न विचारला होतात. त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. बरोबर उत्तर असं आहे.

हो, भाऊजी. मी लावला होता.